तांबड्या पेशीची वाट : शरीरसंस्थांची ओळख, सिकलसेलच्या निमित्ताने

वार्षिक अहवाल हाती आला की वाचकांची दृष्टी प्रथम आकड्यांवर जाते. बाह्यरुग्ण किती, आंतररुग्ण किती, जमा किती, खर्च किती. ते देणे आमचे कर्तव्यच आहे. परंतु रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलताना एक प्रश्न वारंवार पुढे येतो आणि त्याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात बसत नाही. ‘एकाच लेकराचे कधी हातपाय दुखतात, कधी पोट दुखते, कधी डोळे पिवळे होतात, कधी लघवी लाल येते. मग रोग आहे तरी कोठे?’ भंडारा जिल्ह्यात, किंबहुना संपूर्ण पूर्व विदर्भात, हा प्रश्न विचारणाऱ्या अनेक मातापित्यांच्या मुलांना सिकलसेल हा आजार असतो. त्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर शरीराच्या प्रमुख संस्थांची थोडी ओळख करून घ्यावी लागते. या लेखात तेवढेच करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

शाळेच्या पुस्तकात पचनसंस्थेचा धडा वेगळा, श्वसनसंस्थेचा वेगळा, उत्सर्जनसंस्थेचा आणखी वेगळा. परीक्षेसाठी ते सोयीचे आहे. प्रत्यक्ष शरीरात मात्र अशा भिंती नाहीत. कारध्याच्या लहान पुलाजवळ वैनगंगेची पातळी मोजली जाते. पावसाळ्यात त्या एका आकड्याकडे जिल्हा डोळे लावून बसलेला असतो, पाणी २४५.५० मीटरला पोहोचले की धोक्याची पातळी झाली. पाऊस पडलेला असतो वर शिवनी-बालाघाटकडे, धरणाचे दरवाजे उघडलेले असतात तिसरीकडे, खाली गोसीखुर्दचे पाणी तुंबलेले असते. परंतु त्या साऱ्याचा हिशेब कळतो तो येथे, कारध्याला. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे अधिक सांगावयास नको. शरीरात ही मोजपट्टी म्हणजे रक्त. फुप्फुसाचे, मूत्रपिंडाचे, यकृताचे, हाडांचे बरेवाईट वर्तमान रक्तात उमटते, आणि उलट रक्तातच दोष असेल तर त्याचा फटका यांपैकी कोणालाही बसू शकतो. उपमा मात्र येथेच सोडलेली बरी. नदीचे पाणी पुढे निघून जाते. रक्त साधारण एका मिनिटात शरीराची फेरी पूर्ण करून हृदयाकडे परत येते.

या फेरीत रक्तातील एका तांबड्या पेशीच्या मागोमाग आपण जाऊ.

पेशीचा जन्म हाडात होतो. हाड म्हणजे केवळ शरीराचा सांगाडा, असा समज सर्वत्र आहे. तो अपुरा आहे. प्रौढ माणसाच्या मणक्यांत, छातीच्या मधल्या हाडात, फासळ्यांत आणि कंबरेच्या हाडांत लाल मज्जा असते व तेथे दर सेकंदास वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी तयार होतात. किती पेशी तयार करावयाच्या याची मागणी मूत्रपिंड करते. मूत्रपिंडाला रक्त गाळणारी चाळणी म्हणून आपण ओळखतो. पण रक्तातून मिळणारा प्राणवायू कमी पडतो आहे हेही त्याला कळते, आणि तसे कळताच ते एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक सोडून मज्जेला कामाला लावते. मूत्रपिंडे निकामी झालेला रुग्ण पांढराफटक दिसतो, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. पेशीसाठी लागणारा कच्चा माल पचनसंस्था पुरवते. लोह लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात शोषले जाते. फॉलिक आम्ल हिरव्या पालेभाज्यांतून मिळते. ब-१२ हे जीवनसत्त्व तर जठरातील एका प्रथिनाचा हात धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत जाते व तेथे रक्तात शिरते. म्हणजे पेशी हाडाबाहेर पडण्यापूर्वीच अस्थिसंस्था, उत्सर्जनसंस्था, अंतःस्रावी ग्रंथींची संस्था आणि पचनसंस्था यांचे हात तिला लागलेले असतात.

बाहेर पडताना ही पेशी आपले केंद्रक टाकून देते. त्यामुळे तिला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही किंवा नवी पेशी निर्माण करता येत नाही. जणू सारे सामान उतरवून तिने केवळ हिमोग्लोबिन भरून घेतलेले असते; एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू मावतात. तिचा आकार दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारखा असतो. हा आकार आणि तिचा मऊपणा या दोन गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात, कारण पुढील सारी कथा त्यांच्यावरच अवलंबून आहे.

हृदय हा एक पंप नसून शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप आहेत. उजवा भाग शरीराकडून आलेले रक्त फुप्फुसांकडे पाठवतो. डावा भाग फुप्फुसांकडून आलेले रक्त साऱ्या शरीरात ढकलतो. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सत्तरएक ठोके व त्यांतून सुमारे पाच लिटर रक्त, हा त्याचा नित्याचा व्यवहार. फुप्फुसांत तीस कोटींहून अधिक वायुकोश आहेत. त्यांच्या अतितलम पडद्यापलीकडून प्राणवायू येतो व हिमोग्लोबिनला चिकटतो. कर्बवायू बाहेर जातो. श्वास किती वेगाने घ्यावयाचा हे आपण ठरवीत नाही. मेंदूच्या तळाशी असलेले केंद्र रक्तातील कर्बवायूचा अंदाज घेऊन ते ठरवते. मज्जासंस्थेचे असे अहोरात्र चालणारे काम आपल्या ध्यानीही येत नाही.

खरे काम होते ते सर्वांत बारीक वाहिन्यांत, म्हणजे केशवाहिन्यांत. आपल्या भागातील धान उत्पादकांना हे समजावून सांगणे सोपे जाते. तलावातून निघालेले पाणी मोठ्या पाटातून लहान पाटात आणि तेथून बांधीत जाते. तलाव तुडुंब भरलेला असून उपयोग नाही. शेवटच्या बांधीत पाणी पोहोचले तरच तेथील पऱ्हे जगतात. शरीरातील शेवटची बांधी म्हणजे केशवाहिनीच्या कडेची पेशी. केशवाहिनीची रुंदी काही ठिकाणी तांबड्या पेशीच्या रुंदीपेक्षाही कमी असते. पेशी सात-आठ मायक्रॉनची, वाट त्याहून अरुंद. तरीही ती घडी होऊन, वाकून, एकामागोमाग एक अशी पार होते, जाताना प्राणवायू देते, पलीकडे निघून पुन्हा गोल होते. सुमारे एकशे वीस दिवस ती हे करीत राहते.

मग तिची तपासणी प्लीहेत होते. डाव्या बरगड्यांच्या आड असलेल्या या अवयवास आपल्याकडे पाणथरी असेही म्हणतात. प्लीहेतील अतिशय अरुंद फटींतून प्रत्येक पेशीला जावे लागते. तरुण पेशी निसटून जाते. म्हातारी, ताठरलेली पेशी अडकते व तेथेच मोडली जाते. तिच्यातील लोह शरीर पुन्हा वापरते. उरलेल्या भागापासून पिवळे बिलिरुबिन होते. ते यकृतात जाते, पित्तातून आतड्यात उतरते आणि मलाला रंग देते. प्लीहेचे दुसरे कामही तितकेच मोठे आहे. रक्तात शिरलेले काही जंतू, विशेषतः न्यूमोनिया करणारे न्यूमोकॉकस, गाळून काढण्यात तिचा मोठा वाटा असतो. रोगप्रतिकार संस्थेची ही एक महत्त्वाची चौकी समजावी.

निरोगी माणसाचा पाठ येथे संपतो.

विळा

हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो. त्यांपैकी बीटा नावाच्या साखळीत एकशे सेहेचाळीस मणी असतात. सिकलसेलमध्ये सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बाकीचे एकशे पंचेचाळीस मणी जसेच्या तसे. एवढ्याशा फरकाने काय होते? प्राणवायू जवळ असेपर्यंत काहीच नाही. पण केशवाहिनीत प्राणवायू देऊन झाला, की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ दोर तयार करतात आणि मऊ पेढ्याचा विळा होतो. ‘सिकल’ म्हणजे विळाच. जेथे वाकावयाचे असते नेमके तेथेच पेशी ताठरते; वाट अडते. मागचे रक्त थांबते, थांबलेल्या रक्तातील प्राणवायू आणखी संपतो व आणखी पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. पाटात पालापाचोळा अडकावा आणि पुढच्या बांधीला भेगा पडाव्यात, तसे हे आहे. शिवाय वारंवार वाकून-ताठरून अशा पेशी लवकर फुटतात. एकशे वीस दिवसांऐवजी त्या दहा ते वीस दिवस जगतात. मज्जा कितीही झटली तरी ही तूट भरून निघत नाही.

१९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकावयास आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखवले. रोगाचे मूळ एका रेणूत सापडण्याचा तो पहिला प्रसंग. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोलंकी या डॉक्टरांच्या निबंधातून मध्य भारतात हा दोष असल्याचे वैद्यकविश्वाला कळले. म्हणजे आपल्या दाराशी हा आजार आहे ही गोष्ट सहा दशकांहून जुनी झाली, आणि तरीही आज कित्येक मुले ‘वात आहे’ म्हणून वर्षानुवर्षे मालिश घेत राहतात. याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

हा दोष इतका पसरला कसा, असे अनेक जण विचारतात. ज्याच्याकडे हा बदल एकाच पालकाकडून आलेला आहे, त्यास वाहक म्हणतात. वाहकास तीव्र हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळते. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत हे दाखवून दिले. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तेथे वाहक अधिक जगले. जंगल आणि तलावांच्या आपल्या प्रदेशात तसेच घडले असावे. आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय अशा अनेक समाजांत तो आढळतो. त्यास कोणा एका जातीचा आजार म्हणणे शास्त्रास धरून नाही.

रोग कोठे आहे?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. जन्मलेल्या बाळात काही महिने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन शिल्लक असते व त्यात हा दोष नसतो. म्हणून बाळ पहिले सहा महिने बहुधा ठीक असते. नंतर एके दिवशी हाताची व पायाची बोटे सुजतात, बाळ हात लावू देत नाही. लहान हाडांचा रक्तपुरवठा अडल्याचे ते लक्षण असते, आणि पुष्कळदा तीच या आजाराची पहिली खूण. पुढे मोठी हाडे दुखतात. ही वेदना दातावर दात धरून सोसण्याजोगी नसते. प्रौढ माणसेही तिने विव्हळतात. वारंवार अडथळा आल्याने तरुणपणीच खुब्याच्या सांध्यातील हाडाचा गोल झिजून चालणे अवघड होऊ शकते.

पेशी लवकर फुटतात म्हणून बिलिरुबिन वाढते व डोळे पिवळे होतात. ही काविळीची साथ नव्हे. भाजलेले चणे व उसाचा रस यांवर महिनोन्‌महिने ठेवून ती जात नाही. त्याच बिलिरुबिनाचे पित्ताशयात खडे होतात आणि पोटात उजवीकडे दुखू लागते. फुप्फुसात अडथळा झाला तर ताप, छातीत दुखणे, धाप. ही अवस्था प्राणावर बेतू शकते. मेंदूच्या वाहिनीत झाला तर सहा-सात वर्षांच्या मुलालाही पक्षाघात होतो. डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊन दृष्टी अधू होऊ शकते.

प्लीहेविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण वेळेवर कळले तर वाचू शकणारी मुले येथे दगावतात. ताठ पेशी प्लीहेच्या फटींत अडकून राहतात. कधी कधी शरीरातील रक्ताचा मोठा भाग काही तासांत प्लीहेत अडकून पडतो. मूल पांढरे पडते, निपचित होते, डाव्या बरगडीखाली पोट फुगते. ज्यांच्या मुलास हा आजार आहे त्या मातापित्यांनी डाव्या बरगडीखाली हाताने चाचपून पाणथरी किती बोटे लागते हे डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. ती नेहमीपेक्षा अधिक लागली, की सकाळची वाट पाहू नये. दुसरे असे की सतत मार खाऊन प्लीहा आपले जंतू गाळण्याचे काम गमावते. मध्य भारतातील मुलांत ती पुष्कळदा मोठी राहते, पण मोठी आहे म्हणजे काम करते असे नव्हे. म्हणून अशा मुलाला १०१ अंशांवर ताप आला तर तो ‘साधा ताप’ समजू नये. त्याच दिवशी रुग्णालयात आणावे. पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकसची लस देण्याचे कारण हेच.

लोहाबद्दलही एक गैरसमज दूर करावयास हवा. ‘रक्त कमी आहे’ असे ऐकताच लोहाच्या गोळ्या सुरू होतात. सिकलसेलमध्ये रक्त कमी असते ते बहुधा लोहाअभावी नव्हे. फुटलेल्या पेशींतील लोह शरीरातच राहते, आणि वारंवार रक्त चढवल्यास ते वाढतच जाते. तपासणीत लोहाची कमतरता आढळली तरच लोह द्यावे. फॉलिक आम्ल मात्र उपयोगी पडते, कारण मज्जा अखंड राबत असते.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. त्याने वेदनेचे झटके कमी होतात. ते वैद्यकीय देखरेखीखाली, नियमित रक्ततपासणी करीत घ्यावे लागते. मध्येच सोडून चालत नाही. थंडी, भिजणे, अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे यांनी झटका येऊ शकतो. रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलपाण्यात उभे राहण्याचे काम अशा रुग्णाने टाळलेले बरे. हातावर पोट असलेल्या घरास हे सांगणे सोपे नाही, याची आम्हास जाणीव आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. पात्र रुग्णांनी प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्यास संकोच करू नये.

आता वारशाविषयी. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, पूर्ण निर्दोष होण्याची चारात एक. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने मांडला जातो. एकच पालक वाहक असेल तर मूल आजारी होत नाही, फार तर वाहक होते. आमच्या अनुभवात दोष मात्र बहुधा आईच्या माथी मारला जातो. आजारी मुलाच्या रक्तात एक दोष आईचा असतो तसा एक वडिलांचा असतोच. वाहक असणे हा आजार नाही; वाहक मुलीचे लग्न मोडणे हा अन्याय आहे. प्रश्न उद्भवतो तो दोन वाहकांनी नकळत लग्न केले तर. बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबभर रक्ताची विद्राव्यता चाचणी काही मिनिटांत होते. तीत संशय आला तर इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी या तपासणीने वाहक की रुग्ण हे निश्चित होते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवलेले आहे.

मूत्रपिंडाचे सांगावयाचे राहिले. त्याच्या आतल्या भागात प्राणवायू मुळातच कमी व क्षार अधिक, म्हणून पेशी विळ्याच्या आकाराची होण्यास ती जागा फारच अनुकूल. पाणी वाचवून लघवी घट्ट करणे हे त्याच भागाचे काम. ते काम लहानपणीच बिघडते. परिणामी मुलास वारंवार पातळ लघवी होते, तहान लागते, आठ-दहा वर्षांचे झाले तरी अंथरूण ओले होते. घरी त्याला ओरडा बसतो. शाळेत ते तासाला दोनदा बाहेर जाण्याची परवानगी मागते व खोडकर ठरते. मग मूल शक्कल लढवते, पाणीच पीत नाही. रक्त दाटते आणि चार दिवसांत पाय धरून ते आमच्याकडे येते. म्हणून अशा मुलास घरी सोडताना औषधांच्या चिठ्ठीसोबत वर्गशिक्षकांच्या नावे एक पत्र द्यावे असे आम्ही सुचवितो. त्यात दोनच ओळी पुरेत : या मुलास वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, आणि मागेल तेव्हा बाहेर जाऊ द्यावे.